मधल्या बोटीची जागा

"मासा लपवतो का माणसं?" एवढं विचारून तो कानाखाली वाजवायचा. उत्तराची वाट बघायचा नाही.

डहाणूच्या बंदरावर बोटींना रेडिओ सेट बसवायचा त्याचा धंदा. माझ्यापेक्षा हातभर बुटका. मारायचं असलं की माशांच्या क्रेटवर चढायचा आणि तो चढेपर्यंत आम्ही मुकाट उभे. मारकुटा माणूस तुमच्याही गावात असेल, पण त्याचा मार खायला कोणी थांबत नसेल.

त्याचे सेट एका बोटीचा आवाज दुसरीला, दुसरीचा तिसरीला देत किनाऱ्यापर्यंत पोचवायचे. अंतर वाढलं की सेट आपोआप जोर वाढवायचा. पण मधली बोटच गप्प झाली तर तो तरी काय करणार? आणि आम्ही तांडेल, बोटी चालवणारे, असे, की चांगला मासा लागला की आधी सेट बंद. चालू ठेवला तर बाकीचे विचारणार, काय लागलं? आणि समुद्रावर खोटं बोलायचं नाही, हा आमचा रिवाज.

नरपडच्या एका तांडेलाचं नाक त्याने यापायीच पान्याने फोडलं. मग स्वतःच रिक्षात घालून टाके घालायला नेलं. वाटेत आणखी दोन दिल्या, आणि "दुखतं का रे?" हेही विचारलं.

त्या दुपारी मला पापलेट लागलं. मी सेट बंद केला.

तासाभरात वारा फिरला. माझ्या पुढच्या बोटीचा तळ फुटला. तिच्यावरचे चौघं सेटवर हाका मारत होते आणि ऐकणारा मी बहिरा होऊन बसलो होतो. किनाऱ्यावर त्याला माझी बोट गप्प झालेली कळली. शिव्या घालतच त्याने सेट घेऊन होडी काढली आणि माझी जागा भरायला निघाला.

इकडे लाटेने माझा खलाशी डोलकाठीवर आपटला. त्याचं डोकं फुटलं. फळीवरचं रक्त बघून माझी हाव उतरली. मी सेट लावला, तर त्या मारकुट्याचाच आवाज.

"चौघं हायेत! तुझ्या उत्तरेला, सरळ जा! चौघं!"

वादळात शब्द तुटत होते, म्हणून तो तेच तेच ओरडत होता. मधेच लाकूड कडाडलं. त्याने एक शिवी हासडली आणि पुन्हा, "उत्तरेला! चौघं!" मग काहीच आलं नाही.

चौघं वाचले. दोघांना तर मीच केसांना धरून वर ओढलं.

त्याला तीन दिवस शोधलं. पण शोधायचं कुठे? शेवटपर्यंत तो त्यांचीच जागा सांगत होता. सेट माझ्या हातात होता. "तू कुठे आहेस?" एवढं मी विचारलं नाही.