न तापवलेला वायसर

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढेही नाही — देवापुढे उभा राहिलो की मुद्दाम दुसरंच काहीतरी मागायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यावर माझा राग होता, त्याच्यावर तो अजून आहे. दात गेले, राग गेला नाही.

त्याचं नाव अरविंद. मलकापुरात त्याच्या बापाची कापसाची जिनिंग, दारात मोटार. महाराष्ट्र नवानवाच झाला होता तेव्हा, आणि आमच्याकडे रीत होती की वरातीला गावातल्या बड्या माणसाची मोटार मागून आणायची. माझे वडील त्यांच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांनी मागितली, मिळाली. मी मुंडावळ्या बांधून मागच्या सीटवर बसलो — राजाच की! वरात भर बाजारात आली आणि अरविंद आडवा आला. त्याला मित्रांकडे पत्ते खेळायला जायचं होतं.

"उतरवा बे त्याले. मले गाडी पाहिजे."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. वाजंत्री थांबली. वडील हात जोडून "हो मालक, हो मालक" करत राहिले. सासरची माणसं बघत होती. मी उतरलो आणि मांडवापर्यंत पायी गेलो. एवढंच. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. पण तुम्ही उतरलात का कधी असे, भर बाजारात, कपाळाला मुंडावळ्या बांधून?

पुढं मी मोटारींचा मिस्त्री झालो. हनीफ आणि मी, दोघांचं मिळून एक गॅरेज. इंजिन माझ्याकडे, वेल्डिंग त्याच्याकडे. हनीफचा सांधा म्हणजे बोट फिरवलं तरी कळायचा नाही. माणूस बडबड्या, बिडीबाज, माझ्यावर भावासारखा जीव लावणारा. हे मला सांगायला जड जातंय, पण सांगतो.

मग एक दिवस अरविंदच दारात. बाप वारला होता, जिनिंग त्याची झाली होती, आणि मुंबईहून त्यानं एक लहानशी दोन माणसांची स्पोर्ट्‌स गाडी आणली होती. अकोल्याच्या कुणा दोस्ताशी पैज — राजूरचा घाट आधी कोण चढतो. त्याला इंजिनात जोर हवा होता. धरणाच्या कामावरच्या मोडक्या मशिनांतून त्यानं एक टर्बो उचलून आणला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. असलं काम आमच्या भागात कुणी केलेलं नव्हतं.

त्यानं मला ओळखलं नाही. वरात त्याच्या लक्षातही नव्हती! हेच मला जास्त झोंबलं. आठवून हसला असता, तर कदाचित मी त्याला शिव्या देऊन हाकलला असता आणि तिथंच संपलं असतं. मी म्हणालो, "करून देतो मालक."

आणि काम केलं — जीव ओतून केलं, ते खोटं नाही. हनीफनं लोखंडी नळ्यांचा जोड असा बनवला की बघत राहावं. मी इंजिन खोललं, दाब सोसावा म्हणून हेडखाली जाड पत्रा घातला, ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी मीच बसवली. त्या नळीच्या तोंडाशी तांब्याचा वायसर असतो, तेल गळू नये म्हणून बसवलेली चकती. जुना वायसर पुन्हा वापरायचा तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचा. मग तांबं मऊ पडतं आणि जागा धरतं. नाही तापवला तर तो कडक राहतो. गाडी उभी असताना काही कळत नाही. जोर लागला की तेल गळतं.

मी तो तापवला नाही.

विसरलो नाही. हातात धरून बराच वेळ बघितला आणि तसाच लावला. माझा हिशेब सरळ होता — घाटात तेल जाईल, टर्बो जाम होईल, इंजिन बंद पडेल, आणि अरविंद सगळ्यांदेखत खाली उतरून पायी येईल. मला त्याला चालताना बघायचं होतं. तापून लाल झालेल्या लोखंडावर तेल पडलं तर काय होतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मिस्त्री होतो मी.

पण एक रीत गॅरेजचीही होती. इंजिन बांधणाऱ्यानं पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. नारळ फुटला, पायथ्याशी माणसं जमली, अरविंद स्टिअरिंगवर बसला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पोट धरलं. कळ येतेय म्हणालो.

"थांब, मी बसतो ना बे," हनीफ म्हणाला. "माहा बी हात लागला आहे तिले." आणि बिडी टाकून बसला.

एक शब्द पुरेसा होता. 'उतर' म्हणायचं फक्त. पण का, असं कुणी विचारलं असतं तर? गाडी गेली. आवाज असा सुंदर होता की — लाज वाटते — मला अभिमान वाटला.

तिसऱ्या वळणावर धूर दिसला. आम्ही धावलो. वाटेत अरविंद भेटला, उतारावरून पायी येत होता. अंगावर ओरखडा नाही. मला हवं होतं अगदी तसंच. नळी शेजारच्या सीटच्या बाजूला होती, आग हनीफवर आली.

हनीफ वाचला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून वाळली. अरविंदनं गावभर सांगितलं की वेल्डिंग फुटलं. मला त्याचा संताप आला, विश्वास ठेवा — मला संताप आला! आणि मी तेही तसंच राहू दिलं.

हनीफ पुढं आठवडी बाजारात कांदे विकायला बसायचा. मी गेलो की डाव्या हातानं तोलायचा आणि विचारायचा, "माहा सांधा सुटला कुठून रे? मले समजूनच नाही राह्यलं." मी म्हणायचो, "जाऊ दे ना." मरेपर्यंत विचारत राहिला.

शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तर त्यानं त्या वाळलेल्या हातानं माझा हात धरला. म्हणाला, "अल्लानं त्या दिवशी तुह्या पोटात कळ घातली, म्हणून तू वाचला. बरं झालं बे."

मी "हो" म्हणालो.