वडिलांच्या कवितांच्या वह्या

१९८२च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत ॲन आर्बरला रोमँटिक कवितेवर पीएच.डी. करत होते. क्रांतीची धामधूम चालू असताना कवी डोंगरदऱ्यांकडे का वळले, हा माझा विषय. मुंबईत तेव्हा गिरण्यांचा संप होता आणि माझे वडील, साचेखात्यातले विणकर, जवळजवळ वर्षभर घरी बसून होते. ते कविता करायचे. संपाच्या सभांमध्ये त्या म्हणून दाखवतात, असं भावानं कळवलं होतं.

एकदा सेमिनारमध्ये मी हे सांगितलं. उपाशी माणसं रस्त्यावर बसून कविता ऐकतात म्हटल्यावर शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "हाऊ रोमँटिक." मला ते लागलं. पण प्राध्यापकांनी त्या कवितांचं भाषांतर करायला सुचवलं. प्रबंधात एक प्रकरण होईल म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये प्रकरणाला नाव शोधत होते.

वह्या पाठवा, असं मी लिहिलं. दीड महिना उत्तर नाही. शेवटी चाळीखालच्या दुकानात फोन लावला. वडिलांना बोलावून आणलं. आवाज इतका बारीक झाला होता की मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून. मग वह्यांचं विचारलं.

"जाळल्या गं," ते म्हणाले. "घरात रॉकेल नव्हतं. पाणी तापवायचं होतं."

सगळ्या? एकही उरली नाही? काही पाठ असतील ना? मी विचारत सुटले.

"आई तापानं फणफणलीय," ते म्हणाले. "तिचं नाही विचारलंस."

मी काहीतरी बोलायच्या आत फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. संध्याकाळपर्यंत लावत राहिले.

आठवड्यानं आई गेल्याची तार आली. मला जायला मे उजाडला. गिरणी बंदच होती. वडील आणखी वाळले होते. एका दुपारी मी कोरी वही घेऊन त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, आठवेल तेवढं सांगा. प्रबंधासाठी नाही, माझ्यासाठी." त्यांनी दोन ओळी सांगितल्या. तिसरीला अडखळले, ओठ नुसतेच हलवत राहिले, मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

पुढे मला पदवी मिळाली. वडिलांनी पुन्हा काही लिहिलं नाही. त्या दोन ओळी मी कुणालाच दाखवलेल्या नाहीत.