कोळंबीचं हार्मोन आणि आमची चंपी

आमच्या घरातली पहिली पदवी मी मिळवली, आणि आमची कोंबडी झिंगून पडली तीही माझ्याच ज्ञानामुळे.

मी कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात कामाला आहे. (होय, सोलापूर जिल्ह्यात कोळंबी! हसून घ्या.) सुट्टीला मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा आईनं विचारलं, "तितं दिसभर करतीस तरी काय?"

मी घसा खाकरला. पिल्लांनी वेळेवर कात टाकावी, वाढावं, म्हणून हार्मोन द्यायचं. नुसतं पाण्यात टाकलं तर वाया जातं. म्हणून आर्टेमिया नावाचे जे बारके जिवंत किडे पिल्लं खातात, त्यांनाच आधी हार्मोन चारायचं. पिल्लानं किडा गिळला की हार्मोन आपोआप पोटात!

"म्हंजी खाणाऱ्याला पत्ताच न्हाय?"

"अजिबात नाही!"

आई एवढं मन लावून ऐकतेय म्हणून माझी छाती फुगली. (इथंच शंका यायला हवी होती.) कारण माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी दम भरलेला, आणि अण्णा गोळीला शिवायला तयार नव्हते. "मला काय धाड भरलीय?" एवढंच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी अण्णांची लाडकी कोंबडी चंपी अंगणात डुलायला लागली. चार पावलं चालली, बसली, आणि मान टाकली!

"चंपे! ए चंपे!" अण्णा घाबरेघुबरे. "जनावराच्या डॉक्टरला फोन लावा की कुणीतरी!"

आई सुरी घेऊन बाहेर आली. "फोन कशाला? रस्सा करायचाय."

"माझ्या चंपीचा?"

"व्हय. तुमच्या गोळ्या चारल्यात तिला, भाकरीत घालून. आता तुमी तिला खावा, की गोळी आपोआप पोटात. आपली पोरगी कोळंबीला असंच करती की!"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"अगं आई, कोळंबीचं वेगळं, माणसाचं वेगळं…"

"का? माणसाला पोट नस्तंय व्हय?"



अण्णांनी चंपीला मांडीवर घेतलं आणि हात पुढं केला. "आण ती गोळी हिकडं! माझ्यापायी हिचा जीव नगं जायला." पाणीसुद्धा न मागता गिळली!

संध्याकाळी चंपी उठली आणि उकिरडा उकरायला लागली.

आता अण्णा रोज न चुकता गोळी घेतात, आणि घेतली की चंपीसमोर आ करून दाखवतात. सुट्टीला गेले की मी तिथंच उभी असते, पदवीधर. माझ्याकडं कुणी बघतसुद्धा नाही!