टोकाच्या कणावरचा रेटा

तिसऱ्या खेपेला विषय परत आला की पीएचडीची नोंदणी रद्द, असा नियम. ललिताचा विषय दोनदा परत आला होता. म्हणून मुलचेऱ्याहून पहाटेची एसटी धरून ती चंद्रपूरला आली, ती भांडायच्या तयारीनंच.

ललिता म्हणजे मुलचेऱ्याजवळच्या जंगलगावातल्या लच्छूची लेक. चौतीस वर्षांची, ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणारी, तोंडाची फटकळ. तिच्या डोक्यात बसलं होतं ते असं: एकाच रेषेवर उभे असलेले, सारख्याच विद्युतप्रभाराचे कण. सगळे एकमेकांना ढकलतात, बाहेरचं एक बल त्यांना आत ओढून धरतं, आणि उष्णतेनं सगळे थरथरत राहतात. अगदी मधल्याला दोन्हीकडून सारखाच रेटा. टोकाच्याला मात्र बाकीचे सगळे एकाच बाजूनं लोटतात. हा टोकाचा कण थरथरत किती लांब जाऊ शकेल, आणि तशी शक्यता किती? एवढंच तिला काढायचं होतं.

विषय मंजूर करणाऱ्या समितीचे अध्यक्ष गुणवंतराव. त्यांनी तिचे कागद उघडायच्या आधीच तोंड उघडलं.

"बाई, तुम्ही जंगलातल्या. बांबूवर करा, मोहावर करा. आज मंजूर करतो. हे कशाला?"

"काऊन सर? नागपूरचा पोरगा हे घेऊन आला असता, तर त्याले संत्र्यावर कर म्हटलं असतं का?"

शेजारी बसलेल्या बाहेरच्या तज्ज्ञ, वच्छला मॅडम, खाकरल्या. हसू दाबायची तऱ्हा. गुणवंतरावांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्यांनी तिच्या मसुद्यातलं वाक्य मोठ्यानं वाचलं, "'दोन कणांमधले बल अंतर वाढले तरी कमी होत नाही.' अहो, दहावीचं पोरगंही सांगेल! अंतर दुप्पट केलं की बल एक चतुर्थांश!"

"ते मोकळ्या जागेत, सर. एका रेषेत नाई."

"'नाई' नाही, 'नाही' म्हणावं."

ललिताच्या कानशिलाशी शीर उडाली. पण तिनं दात आवळले. आज भाषेवर भांडली असती तर भौतिकशास्त्र हरलं असतं, आणि त्यांना तेच हवं होतं.

"पाणी धानाच्या बांधीत सोडलं तर चहूकडे पसरून पातळ होते," ती म्हणाली. "पाटात सोडा. पसराले जागाच नाई, म्हणून टोकापर्यंत तेवढंच जाते."

"पाटात पाणी मुरतं, बाई!"

"सिमेंटचा पाट धरा ना सर. का सिमेंटलेही मंजुरी पाहिजे?"

आणि कुणी हो म्हणायच्या आत तिनं खडू उचलला. "दहावीचं तुम्ही सांगितलं, आता बारावीचं ऐका. अमर्याद पसरलेल्या भारित पत्र्यासमोर कुठीबी उभे राहा, क्षेत्र तेवढंच. पुस्तकात आहे. माझा एकेक कण म्हणजे असा एकेक पत्रा. अंतर मोजाचंच नाई. कोणत्या बाजूले किती उभे आहेत, तेवढे मोजाचे."

वच्छला मॅडमनी चष्मा काढला. "गुणवंतराव, बरोबर आहे तिचं."

गुणवंतरावांनी फाईलमधून शेऱ्याचा कागद ओढला. ललितानं वाकून पाहिलं. शेरा टाइप करून तयार होता. तारीख कालची. "मूलभूत नियमाचे अज्ञान. नामंजूर."

म्हणजे ती एसटीत बसायच्या आधीच निकाल लागला होता!

त्यांनी पेन काढलं, 'नामंजूर'मधला 'ना' तेवढा खोडला आणि कागद तिच्याकडे सरकवला. "झालं तुमचं काम. या आता."

ती उठली नाही.

"वरची अज्ञानाची ओळ राह्यली, सर."

"मंजूर केलं ना? आता आणखी काय?"

"मी मंजूर झाली. अज्ञान कोणाचं, ते नाई झालं. हा कागद माझ्या फाईलले जन्मभर चिकटणार आहे."

"बाहेर लोक थांबलेत!"

"थांबू द्या. मी दोनदा परत गेली आहे."

वच्छला मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. मदतीला कुणी नाही म्हटल्यावर गुणवंतरावांनी पेन इतक्या जोरानं ओढलं की त्या ओळीवर कागद फाटला. ललितानं तो उचलून उजेडात धरला, पुन्हा टेबलावर ठेवला आणि दोन्ही ठिकाणी बोट टेकवलं.

"खोडलं तिथं सही लागते, सर. दोन सह्या."