आत्याचा माळ

आत्या कधी मान वर करून चालली नाही. न ओळखणाऱ्याला वाटावं, बाई दबलेली आहे. असा समज करून घेऊन तिच्याशी भांडायला गेलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत; त्यांचे कान अजून गरम असतील. आत्या खाली बघायची ती टिटवीच्या अंड्यांसाठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ती घड्या घालायला जायची, आणि तिची वाट आमच्या वस्तीमागच्या माळावरून होती. टिटवी घरटं बांधत नाही. खड्यांतच अंडी घालते, आणि अंडीही खड्यांच्याच रंगाची. "एक पाय चुकला की चार जीव गेले," आत्या म्हणायची.

ती माझी सख्खी आत्या नव्हे, शेजारची. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. पण ऐकीव गोष्ट तिला चालत नसे. टिटवीनं यंदा उंचावर अंडी घातली, आता पाऊस दणकून होणार, असं कुणी म्हटलं की ती भडकायची. "तिला काय पंचांग कळतंय? पाणी साचत न्हाय तितं बसती. तू बसत न्हाईस का वट्ट्यावर?"

एकदा मे महिन्याच्या भर दुपारी तिनं मला हिवराच्या सावलीत धरून बसवलं. टिटवी नळाच्या गळतीवर गेली, पोट भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. "बघितलंस? ऊब द्यायला न्हाय बसली. गार करायला बसली." तरवड फुलांनी पिवळा कधी होतो, चंडोल उडत उडत कधी गातो, कुसळी गवत कुठल्या आठवड्यात कपड्यांना टोचायला लागतं, हे सगळं मला तिनं दाखवलं.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी ती भिजल्या पोटाची गोष्ट सांगितली. सर खूश झाले. "कुठं वाचलंस?" म्हणाले. मी म्हणालो, "लायब्ररीत." आत्याचं नाव तोंडातून निघालं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

नोकरी लागल्यावर वस्तीच्या समितीत मला घेतलं. माळावर झाडं लावायची, असं ठरलं. सगळ्यांनाच सावली हवी होती, मलाही. अर्ज मी लिहिला. समाजमंदिरात बैठक भरली तेव्हा आत्या पुढं येऊन बसली. "वाच की, काय लिवलंयस."

मी वाचत गेलो. जागेची सध्याची स्थिती: पडीक, काहीही नाही.

"काहीही न्हाय?" आत्या म्हणाली. "मग टिटवी कुटं बसती, तुझ्या डोक्यावर? अरं, माळाला गवत लागतं. खड्डे मारलं की गवत गेलं, आणि झाडं बी जगायची न्हाईत. खाली मुरूम हाय सगळा."

लोक हसले. मला हसले. मी म्हणालो, "आत्या, हा शिकलेल्या माणसांचा विषय आहे. तू आपल्या घड्या घाल."

मग लोक तिला हसले. ती उठून गेली.

खड्डे मारायला एप्रिलमध्ये जेसीबी आला. त्या दिवशी आत्या कामावर गेली नाही. पहाटेच जाऊन तिनं प्रत्येक अंड्याच्या जागेभोवती मोठे दगड मांडून ठेवले होते. जेसीबीवाल्याला वाटलं, अडथळा आहे. त्यानं आधी तेच दगड उचलले. टिटव्या दिवसभर ओरडत होत्या. आत्या ओरडली नाही.

रोपं दोन उन्हाळेही टिकली नाहीत. मुरमात मुळं गेलीच नाहीत. आता तिथं गाजरगवत आहे, आणि मेलेल्या रोपांच्या काठ्या.

मी तिच्या दारात जाऊन म्हणालो, "आत्या, चुकलो मी." ती ज्वारी निवडत होती. "तुमी कसं चुकाल साहेब? तुमी शिकलेले." इतकी वर्षं 'अरं' म्हणणारी बाई. मी आत येऊन बसलो असतो, पण तिनं बस म्हटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिची लेक तिला कायमची अक्कलकोटकडे घेऊन गेली. मी बोचकी रिक्षात ठेवली, पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. "जयभीम साहेब," एवढंच म्हणाली. मग माळाकडं एकदा बघितलं, नाक वर करून वारा हुंगला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "बाबा, पडदा सोड रं. धुरळा येतोय मोठा. डोळं सांभाळ."

रिक्षावाला तिला कधी भेटलेला नव्हता, तरी त्याला ती 'रं' म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो. रिक्षा वळली आणि माळावरून धुळीचा लोट उठला.