गजरामावशींनी काडी मोडली

आमच्या तळवड्याच्या कंपनीत कॅन्टीनला पोळ्या लाटणाऱ्या गजरामावशी खंडोबाला ‘आमचे मालक’ म्हणत. कुणी नवी गाडी घेऊन ‘देवाची कृपा’ म्हणालं की विचारत, “आमच्या मालकांची का? मग माझा सिलिंडर तेवढा वर चढवून द्याया सांगा त्यांना.” लोक हसत आणि लगेच ताटात बघत. मावशी मुरळी होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाकणजवळच्या त्यांच्या घरात मुलगा होईना म्हणून नवस झाला. मुलगा झाल्यावर नवस फेडायला म्हैस द्यायची कुणाची तयारी नव्हती. सात वर्षांच्या मावशी दिल्या. खंडोबाशी लग्न, मग जागरणांत नाचणं. “नवरा देवळात, अन् हक्क समद्या गावाचा,” त्या म्हणत. ऐन तारुण्यात त्या पळाल्या. अजूनही कुणाच्या मोबाइलवर दिमडी वाजली की त्यांचं लाटणं थांबे, मग दुप्पट जोरात चाले.

नवसाचा तो मुलगा, मल्हारीशेठ, एका दुपारी पांढऱ्या गाडीतून कॅन्टीनच्या दारात उतरला. त्याच्या सुनेला एका मुलीनंतर मुलगा होत नव्हता.

“आक्का, तुझी सेवा अर्धी राहिली, म्हणून अडलंय. जागरण ठेवलंय, तू नाच. न्हाईतर माझ्या नातीला देवाला वाहावं लागंल. नुसतं नावाला गं! सोमवारी पोरगी इंग्लिश मीडियमलाच जाणार.”

“युनिफॉर्मवर भंडारा चालतो का रं तिथं?” मावशींनी विचारलं.

जागरणाच्या दिवशी कॅन्टीन आवरल्यावर त्यांना चाकणजवळच्या त्या घरी माझ्या स्कूटरवरून मीच घेऊन गेले.

दिवेलागणीला अंगणात ज्वारीच्या पाच उभ्या ताटांच्या मांडवाखाली देव मांडला होता. पाटावर नटवलेली नात. मावशींनी घुंगरांना हात लावला नाही. ताटाची एक काडी उपटली.

“नवरा-बायकोचं फाटलं की आपल्यात चारचौघांत काडी मोडत्यात. ही मी मोडली. अन् या नवऱ्याला दुसरी करून द्यायची न्हाई.”

“आक्का!” मल्हारीशेठ ओरडला. “काडी मोडाया दोन्हीकडची माणसं लागत्यात!”

“लगीन लावलं तवा माझ्याकडचं कोण होतं रं?”

वाघ्याची दिमडी मांडीवरच राहिली. मग सून उठली. पाटावरची मुलगी तिने कडेवर घेतली आणि सगळं अंगण ओलांडून मावशींशेजारी येऊन उभी राहिली.

“मी हाय आत्यांच्याकडची,” सासऱ्याकडे न बघता ती म्हणाली. “अन् ही पण.”