काकांनी लावलेलं डोकं

माझी मावशी जाईल तिथे काड्या करते, असं लोक म्हणतात आणि ते अगदी शब्दशः खरं आहे. कुणाकडे चहाला गेली की येताना पिशवीत त्यांच्या झाडाची एक काडी असायचीच. ती पेराखाली तिरकी छाटायची, खालची पानं काढायची, टोक ओलं करून मुळं फुटायच्या पावडरीत टेकवायची आणि वाळूत खोचायची. जास्वंद असो, क्रोटन असो, तिच्या हातून सगळं जगतं.

एकदाच तिला धास्ती वाटली. माहेरचं घर विकलं गेलं होतं आणि नवे मालक कुंपणाची पिवळी जास्वंद उपटणार होते. मावशी धावत जाऊन काड्या घेऊन आली.

"मागे बिनपावडरीच्या लावल्या, त्या सगळ्या कुजल्या," ती मला म्हणाली. "आता या गेल्या की झाड गेलं."

तिने डबी उघडली. आत पावडरीचा कणही नव्हता.

"अहो, ही डबी कुणी संपवली?"

काका घरातसुद्धा टोपी घालून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला. मावशीने टोपी उचलली, तर सगळं टक्कल पांढरंफटक.

"मुळं मजबूत होतात असं लिहिलंय त्यावर," काका म्हणाले. "मला वाटलं, केसांची."

डबीवरचा 'झाडांच्या' हा शब्द किमतीच्या चिकटपट्टीखाली गेला होता. मावशीचा पारा चढला. त्यात नर्सरीला सुटी. तिने काड्यांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाका जरा."

एकेक ओली काडी ती टकलावरून फिरवत गेली. "कानामागे राहिलीय अजून," मी सांगितलं. काकांना गुदगुल्या व्हायला लागल्या, तशी तिने त्यांची मानच धरली. "हलू नका, सांडेल."

पुढे काड्या कुजत गेल्या. मावशी त्या काढून टाकायची आणि काका जेवताना मान वर करत नसत. मला त्यांची फार कीव यायची. शेवटी एकीला कोंब आला. मावशीने ती हळूच ओढून पाहिली, तर काडी जागची हलेना. मावशी तिथेच फतकल मारून बसली आणि मनसोक्त रडली.

काकांचं टक्कल मात्र होतं तसंच राहिलं. पहिलं पिवळं फूल आलं तेव्हा शेजारीण विचारायला आली, ही जगवलीत कशी?

"मी डोकं लावलं," काका म्हणाले.

मावशीने आयुष्यात त्यांचं एक वाक्य खोडल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी ती म्हणाली, "लावलं खरं."